दोन पिठांची गोष्ट

मुलांनो,

तुमच्या वर्गशिक्षिकांनी निरोप धाडला, "बाई, या वेळच्या भित्तिपत्रकाला काहीतरी करून पाहण्यासारखं लिहून द्या." मी तुमच्याच शाळेतून निवृत्त झाले. आता मुंबईला अंधेरीत राहते. माझं लहानपणही इथलंच, चाळीतलं. तेव्हा इथलीच एक गोष्ट सांगते आणि मग तिच्यातून निघालेला पाठ. गोष्ट खाण्याची आहे, पण सुरुवातीला थोडी रडण्याची आहे.

तुम्ही बिस्किटाचा पुडा पाहिला आहे. पुड्यावरचं पार्ले हे नाव गावाचं आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? अंधेरीच्या अलीकडचं स्टेशन विलेपार्ले. तिथे १९२९ साली कारखाना निघाला. आधी गोळ्या-मिठाई करीत, १९३९ पासून बिस्किटं करू लागले. माझ्या लहानपणी लोकलगाडी पार्ल्याजवळ आली की डोळे मिटलेल्या माणसालासुद्धा कळायचं, कारण भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास डब्यात शिरायचा. तो जुना कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. कारखान्यातली भट्टी म्हणजे लांबच लांब बोगदाच असतो. सरकत्या पट्ट्यावर कच्ची बिस्किटं एका तोंडाने आत जातात आणि भाजून दुसऱ्या तोंडाने बाहेर पडतात.

आमच्या घरी असा बोगदा नव्हता. ओव्हनही नव्हता. एक स्टो होता आणि एक शेगडी. मग घरची बिस्किटं, म्हणजे नानखटाई, व्हायची कशी? पीठ घरी, भट्टी बेकरीची! दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप घरी मळून आई डबा घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायची. बेकरीवाला पत्र्याचे मोठे ट्रे द्यायचा. बायका तिथेच बसून गोळे करायच्या, ट्रेवर मांडायच्या आणि आपला ट्रे ओळखू यावा म्हणून कोपऱ्यात नावाची चिठ्ठी ठेवायच्या. रात्रीचे पाव निघाले की भट्टी जरा उतरायची. पावाला कडक आच लागते, नानखटाईला मऊ. म्हणून पावानंतर नानखटाईचा नंबर. ही गोष्ट त्या बेकरीवाल्या चाचांनी मला शिकवली, पुस्तकाने नव्हे.

आता रडण्याची गोष्ट.

१९७३ सालची दिवाळी. मी तिसरीत, धाकटा भाऊ पाच वर्षांचा. आदल्या वर्षी महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला होता. महागाई भयंकर. साखर रेशनवर, मोजून. मुंबईत बायका हातात लाटणी घेऊन मोर्चे काढीत. गोरेगावच्या मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर यांच्यासारख्या बायका पुढे असत. आमची आईही चाळीतल्या बायकांबरोबर सभांना जायची. लाटणं पोळीला लागतं, तसं मोर्चालाही लागतं, हे मला तेव्हा कळलं.

आईने दोन-अडीच महिने चहात साखर कमी घालून एक डबा साखर साठवली होती. तुपाचा डबा वर, माळ्यावर. त्या दिवशी तिने दुपारी तूप-साखर फेसली, मैदा घातला, परातीत पीठ तयार केलं, वर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, "मी सभेहून तासाभरात येते. संध्याकाळी बेकरीत जाऊ. हात लावू नका."

हात लावू नका म्हटलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

आधी मी एवढासा गोळा घेतला. मला त्याचा पोपट करायचा होता. पण पोपटाची चोच काढली की तुटे. भावाने हत्ती केला, तर सोंड गळून पडे. पीठ भुसभुशीत, आकारच धरेना. मग मला अक्कल सुचली. आई पोळ्यांची कणीक मळते तेव्हा पाणी घालते, म्हणून ती चांगली चिकटते. मी तांब्यातलं पाणी घातलं. थोडं घातलं, मग आणखी घातलं. आणि दोघांनी मिळून ते सगळं पीठ खूप मळलं, अगदी घाम येईपर्यंत. आता कसं छान झालं! पोपट झाला, हत्ती झाला, साप झाला, आगगाडीसुद्धा झाली. अख्खी परात संपली.

आई आली. परात पाहिली. काही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने ती जनावरं तशीच ट्रेवर मांडून भट्टीला नेली, कारण टाकून देण्याची सोय नव्हती. चाचांनी ट्रे पाहिला आणि हसले नाहीत, हे मला अजून आठवतं. एवढंच म्हणाले, "पानी डाला क्या?"

भाजून आली तेव्हा सापाची शेपटी कोळसा झालेली, हत्तीचं पोट आत कच्चं आणि पोपट असा कडक, की भावाने फरशीवर आपटला तरी फुटला नाही. त्या वर्षी आमच्या घरी दिवाळीच्या ताटात नानखटाई नव्हती. दुसऱ्या दिवशी आईने ती सगळी जनावरं खलबत्त्यात कुटली, भुगा पुन्हा कढईत खमंग परतला, थोडं दूध आणि वेलची लावून लाडू वळले. पाहुण्यांना आवडले. एका काकूंनी कृतीसुद्धा विचारली! आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "हिला विचारा."

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भाऊबीज झाल्यावर एका दुपारी आईने दोन मुठी कणीक घेतली, तिच्यात गुळाचं पाणी घातलं, घट्ट मळली आणि आमच्यापुढे ठेवली. "हे तुमचं खेळायचं पीठ. नानखटाईचं वेगळं, हे वेगळं. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडून करून घ्यावं." त्या पिठाची पाखरं तिने मोदकपात्रात वाफवून दिली. आम्ही ती तुपाशी खाल्ली.

वेगळं म्हणजे काय वेगळं? ते मला बरंच नंतर, डी. एड. ला असताना समजलं. तुम्ही आजच समजून घ्या.

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांची एक चिवट जाळी तयार होते. तिला ग्लूटेन म्हणतात. जितकं मळाल तितकी जाळी घट्ट. पोळी ताणली तरी फाटत नाही, ती या जाळीमुळे. पटत नसेल तर प्रयोग करा. कणकेचा लिंबाएवढा गोळा घट्ट मळून अर्धा तास ठेवा. मग वाडगाभर पाण्यात तो हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधासारखं पांढरं होईल. ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. पाणी दोन-तीनदा बदला. शेवटी हातात जो रबरासारखा चिकट तुकडा उरतो, तोच ग्लूटेन. आता हाच प्रयोग ज्वारीच्या किंवा तांदळाच्या पिठाचा करा. हातात काहीच उरत नाही! म्हणून तर भाकरीचं पीठ लाटलं की फाटतं, ते थापावं लागतं, आणि तुमच्या आया गरम पाणी वापरतात. आजवर भाकरी थापताना पाहिलीत, आता कारणही कळलं.

नानखटाईत उलटं करायचं असतं. तिथे जाळी नकोच. आधी तूप आणि पिठीसाखर फेसतात, मग त्यात पीठ मिसळतात. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून बसतं, पाणी लागू देत नाही, जाळी बनू देत नाही. म्हणून नानखटाई तोंडात टाकताच विरघळते. मी पाणी ओतून आणि घाम गाळून नेमकी ती जाळीच विणली होती. पोपट फुटला नाही यात नवल ते काय?

आता करून पाहायचं. पण आधी एक अट. विस्तवाशी जे काम आहे ते घरातल्या मोठ्या माणसाने करायचं. मळणं, वळणं, सजवणं तुमचं. दुसरं, कच्चं पीठ चाटायचं नाही. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, पोट बिघडतं. चुकून कुणाचा हात भाजलाच तर लगेच साध्या थंड पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. आमच्या वेळी शाई लावीत, कुणी टूथपेस्ट फासतं. दोन्ही चूक.

खेळायच्या पिठाला दोन वाट्या कणीक, अर्धी वाटी किसलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि एक चमचा तेल घ्या. गूळ पाव वाटी कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्या, कारण गुळात खडे असतात. त्या पाण्यात कणीक पुरीच्या पिठासारखी घट्ट मळा. लागलं तर आणखी चमचाभर पाणी, पण बेताने. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मग जे हवं ते करा. चिमणी, कासव, एस.टी., तुमच्या शाळेची घंटासुद्धा. डोळ्यांना तीळ किंवा मनुका. खवल्यांसाठी स्वच्छ धुतलेला चमचा टोकाने दाबा. केसांसाठी पीठ पुरणाच्या चाळणीतून दाबून काढा, शेवया निघतात.

एक गोष्ट मात्र पाळा. सगळा आकार साधारण एकाच जाडीचा हवा, तुमच्या करंगळीएवढा. आमच्या हत्तीचं पोट कच्चं आणि सापाची शेपटी कोळसा का झाली? आच बाहेरून आत जाते. पातळ भागातून ती पटकन आरपार जाते, जाड भागात शिरायला वेळ लागतो. हत्ती करायचाच असेल तर बसका, चपटा करा.

ही पाखरं पंधरा-वीस मिनिटं वाफवली तरी छान होतात. आषाढी अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, कणकेचे गोड दिवे तुमच्या घरी वाफवतात ना? तेच पीठ, तीच रीत. आपल्याकडे खाण्याच्या पिठाशी खेळणं काही आज निघालेलं नाही.

माझी एक मैत्रीण मरोळ गावठाणातली होती, ईस्ट इंडियन ख्रिस्ती. हे लोक मूळचे इथलेच, साष्टी-वसईकडचे, घरात मराठीच बोलतात, त्यांची बोली वेगळी. १८८७ साली त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. नाताळच्या आधी तिच्या घरी कुलकुल करीत. मैदा, रवा, नारळाचं दूध, साखर असं पीठ. घरातली झाडून सगळी माणसं टेबलाभोवती बसत. बोराएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबायची आणि गुंडाळत आणायची, की शिंपल्यासारखी नक्षी उठते. मग तळायचं. लहान मुलांचे कुलकुल वाकडेतिकडे होत, पण ते वेगळे काढून ठेवीत नसत, सगळ्यांच्यातच मिसळत. मला ते फार आवडायचं. तुम्हीही कणकेच्या गोळ्या फणीवर वळून पाहा. फणी फक्त याच कामाची ठेवा म्हणजे झालं!

रंग हवा असेल तर बिटाचा रस गुलाबी देतो, पालकाचा हिरवा, हळद पिवळा. इथे एक गंमत आहे. एकदा मी वर्गात हळदीचं पिवळं पाखरू करायला लावलं आणि पीठ हलकं व्हावं म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकला. पाखराच्या अंगावर लाल ठिपके! मुलं घाबरली, कुणीतरी म्हणालं कुंकू पडलं. तसं काही नव्हतं. हळद आणि सोडा एकत्र आले की हळदीचा रंग तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. चमत्कार करून दाखवणारे बुवा हीच युक्ती वापरतात, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता नानखटाई. दीड वाटी मैदा किंवा बारीक चाळलेली कणीक, अर्धी वाटी बेसन, पाऊण वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी थिजलेलं तूप, पाव चमचा खायचा सोडा, वेलची-जायफळाची पूड, किंचित मीठ. तूप आणि साखर परातीत तळहाताने एकाच दिशेने फेसा, पांढरं आणि हलकं होईपर्यंत, दहा मिनिटं तरी. फेसताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. भट्टीत ते फुगतात, सोड्यातूनही वायू सुटतो, आणि नानखटाईला वर भेगा पडतात. भेग पडली म्हणजे बिघडली नव्हे, जमली! मग पिठं आणि सोडा चाळून घाला आणि बोटांनी नुसतं एकत्र करा. मळू नका. पाणी नाही. फारच कोरडं वाटलं तर चमचाभर तूप. लिंबाएवढे गोळे करून जरा चपटे दाबा, वर चारोळी लावा. ताटलीत दोन-दोन बोटं अंतर ठेवून मांडा, कारण ते पसरतात.

भट्टी कुठली? जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. तळाशी दोन बोटं जाडं मीठ किंवा धुऊन कडक वाळवलेली वाळू पसरा. वर एक कडं किंवा उलटी वाटी ठेवा. घट्ट, जड झाकण लावून मंद आचेवर दहा मिनिटं तापवा. हे तापवण्याचं आणि पुढे ताटली आत ठेवण्याचं काम मोठ्यांचं. वाळू हळूहळू तापते आणि सगळीकडून सारखी आच देते. ताटली ठेवून झाकण लावा, मंद आचेवरच अठरा-वीस मिनिटं. सारखं झाकण उघडून पाहू नका, आतली आच निघून जाते. कडा बदामी दिसल्या की काढा. काढताना नानखटाई मऊच लागते, कच्ची वाटते. घाबरू नका, गार झाल्यावर ती खुसखुशीत होते. पाखरंही याच पातेल्यात भाजता येतात, त्यांना पाच मिनिटं जास्त.

तुमच्याकडे अजून चूल असेल तर आणखी सोपं. माझं आजोळ कोकणातलं. आजी तवसं किसून, तांदळाचा रवा आणि गूळ घालून धोंडस करायची. टोप चुलीवर, झाकणावर निखारे, म्हणजे वरून आणि खालून आच. ओव्हन म्हणजे दुसरं काय असतं? खानदेश-विदर्भाकडे गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, तीही भट्टीच. भाजणं ही काही शहरातली कला नव्हे.

आमच्या गल्लीतली ती बेकरी अजून आहे. चाचा गेले, त्यांचे नातू बसतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सांगितलं, की सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनाकडे वळा. हवा फार खराब झाली होती. धुराने आमच्या चाळीत म्हातारी माणसं रात्ररात्र खोकत, हे मी पाहिलं आहे, त्यामुळे निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. नातवाने विजेची भट्टी बसवली. परवा मी डबा घेऊन गेले, सहज, भाजून देतोस का विचारायला. म्हणाला, "आजी, आता घरचं पीठ कोणी आणत नाही. पण तुम्ही आणलंय तर देतो." नवीन भट्टीला आकडे लावायचे असतात. नानखटाईला किती आच, ते त्याला नक्की माहीत नव्हतं. मी म्हटलं, पावापेक्षा कमी. पहिला ट्रे जरा करपला, दुसरा चांगला निघाला. त्याने चार ठेवून घेतल्या आणि पैसे घेतले नाहीत.

ट्रेच्या कोपऱ्यात एक पोपट होता. चोच आली नाही, पण खाताना फुटला.

या कागदाच्या खाली बाईंना मोकळी जागा सोडायला सांगितली आहे. तुमच्या घरी निखाऱ्यावर, आरात किंवा तव्यावर झाकण ठेवून काय काय भाजतात, ते आजीला विचारून तिथे लिहा. नाव घाला. आणि ज्यांचं पाखरू कडक झालं त्यांनी ते टाकू नये, लाडवाची कृती वर दिली आहे.

तुमच्या जुन्या बाई